‘नंतर बघू’ची किंमत

‘या चित्रपटात कॉम्प्युटर ग्राफिक्स नाहीच, सगळं खरं आहे’ हे ॲक्शनपटांच्या प्रसिद्धीतलं अलीकडचं हुकमी वाक्य. ते ऐकून आपण माना डोलावतो. पुढच्याच महिन्यात एखाद्या सुपरहिरोपटाच्या शेवटी रबरी बाहुल्या एकमेकांवर आपटताना दिसल्या की ‘ग्राफिक्सनं वाट लावली’ म्हणून मोकळे होतो. कौतुक आणि शिवी, दोन्ही एकाच गैरसमजातून आलेली असतात.

‘टॉप गन: मॅव्हरिक’ (२०२२) घ्या. नट खरोखर एफ/ए-१८ विमानाच्या मागच्या सीटवर बसले होते, कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसवले होते आणि वळणावर गालाची कातडी मागे ओढली जाते तीही खरीच. त्याच चित्रपटात व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर घडवलेले किंवा बदललेले, सुमारे २,४०० शॉट आहेत. कित्येक ठिकाणी उडालेलं विमान एक आणि पडद्यावर दिसतं ते दुसरं. खऱ्या उड्डाणावर डिजिटल कवच चढवलेलं. ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या २०२३च्या भागात टॉम क्रूझने नॉर्वेतल्या कड्यावरून मोटरसायकलसकट मारलेली उडीही खरी, एकाच दिवसात सहा वेळा मारलेली. पण ज्या भल्यामोठ्या रॅम्पवरून ती बाइक सुटली तो पडद्यावर कुठेच नाही. तो पुसून त्या जागी खडकाळ उतार बसवलाय. रॅम्प दिसला असता तर तो सर्कशीतला खेळ वाटला असता.

तेव्हा ‘खरं विरुद्ध कॉम्प्युटर’ हा वादच चुकीच्या जागी मांडलेला आहे. शॉट कशाने बनवला यापेक्षा तो कसा दिसणार हे कधी ठरलं, यावर तो पटणार की नाही हे ठरतं. गेल्या दहा-बारा वर्षांतले फसलेले विज्ञानपट आणि ॲक्शनपट पाहा. बहुतेकांचं दुखणं सेटवरच्या दोन शब्दांत सापडतं: ‘नंतर बघू’.

हे दुखणं नेमकं कसं जडतं ते एका शॉटपुरतं पाहू. नायिका परग्रहावर उभी आहे, मागे मावळता सूर्य आणि उजवीकडून एक अजस्र यान उतरतंय. स्टुडिओत तिच्यामागे क्रोमाचा हिरवा पडदा, जो नंतर काढून तिथे दुसरं दृश्य बसवायचं असतं. कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ चित्राला ‘प्लेट’ म्हणतात. ती झाल्यावर तोच शॉट नटीशिवाय घ्यायचा, ही ‘क्लीन प्लेट’. मग एक जण दोन गोळे घेऊन नटीच्या जागी उभा राहतो. राखाडी गोळ्यावरून प्रकाश कुठून येतोय, किती कडक आहे ते कळतं. आरशासारख्या चकचकीत गोळ्यात सेटवरचा एकूण एक दिवा दिसतो. शिवाय लेन्स किती मिलिमीटरची, कॅमेरा जमिनीपासून किती उंच, किती कललेला ही नोंद आणि सेटचं लेझर स्कॅन. गोळ्यांचं काम मिनिटाभराचं, सगळं मिळून फार तर दहा मिनिटांचं. पण शूटिंग दोन तास मागे पडलेलं असतं तेव्हा पहिली कात्री याच दहा मिनिटांना लागते. चार महिन्यांनी कुठल्या तरी दुसऱ्या शहरात बसलेला माणूस फ्रेममधल्या एखाद्या ठिपक्यावरून लेन्सचा अंदाज बांधत बसतो. तो अंदाज थोडा चुकला की नटीचे पाय जमिनीवरून सरकल्यासारखे दिसतात. प्रेक्षकाला पायांचं काही कळत नाही. त्याला फक्त काहीतरी खोटं वाटतं.

याहून मोठी गोची प्रकाशाची. सूर्य डावीकडे की उजवीकडे, वादळ आहे की निरभ्र, हेच ठरलेलं नसेल तर छायालेखक बिचारा काय करणार? तो सगळीकडून सारखा, मऊ, बिनसावलीचा प्रकाश लावतो. मागे काहीही लागलं तरी निभावेल असा हा प्रकाश खरं तर कशाशीच जुळत नाही. मागे कडक ऊन लावलं तर चेहरा कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मग कॉम्पोझिटिंग करणाऱ्यापुढे, म्हणजे हे वेगवेगळे तुकडे एका चित्रात जोडणाऱ्यापुढे, एकच वाट उरते, मागचं जग मवाळ करायचं. धुकं घाल, राख उडव, संध्याकाळ कर. इतक्या चित्रपटांचा शेवट त्याच एका करड्या धुरळ्यात का होतो, असा प्रश्न पडला असेल तर त्याचं निदान अर्धं उत्तर हे आहे. आपण त्याला दिग्दर्शकाची शैली समजतो.

‘ड्यून’ (२०२१) इथे धडा म्हणून दाखवावा असा आहे. बराचसा चित्रपट वाळवंटात घडणार हे माहीत होतं, म्हणून व्हीएफएक्स प्रमुख पॉल लॅम्बर्ट यांनी हिरव्या-निळ्याऐवजी वाळूच्या रंगाचे पडदे लावले. हिरव्या पडद्याचा प्रकाश नटाच्या गालावर, केसांच्या कडांवर सांडतो आणि तो काढताना केसच अर्धे खाल्ले जातात. वाळूच्या रंगाचा प्रकाश सांडला तर बिघडत नाही, वाळवंटात तोच असतो. गंमत म्हणजे वाळूचा रंग उलटा केला की निळा येतो, त्यामुळे चित्र पडद्यापासून वेगळं करायचं कामही अडत नाही. युक्ती एवढीशी आहे. पण मागे वाळवंटच येणार, बर्फ किंवा शहर येणार नाही, हे आधी नक्की असेल तरच ती चालते.

२०२४च्या दुसऱ्या भागात त्याच मंडळींनी याहून धाडसी काम केलं. खलनायकांच्या ग्रहावरची उघड्यावरची दृश्यं इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, चित्रित केली. कातडी मेणासारखी, आभाळ काळंभोर. असं चित्रण एकदा झालं की नंतर कुणी निर्माता ‘जरा रंगीत करून दाखवा’ म्हणू शकत नाही, कारण रंग मुळात टिपलेलेच नसतात. इन्फ्रारेडमध्ये काळं कापड पांढरट दिसू शकतं, त्यामुळे कपडेपटही आधी कॅमेऱ्यासमोर तपासावा लागतो. परतीचा दोर असा कापला की प्रत्येक विभागाला आपापलं काम वेळेत ठरवावंच लागतं.

एलईडी भिंतीबद्दलही, म्हणजे नटामागे थेट दृश्य दाखवणाऱ्या अजस्र पडद्याबद्दलही, थोडं बोललं पाहिजे, कारण हिरव्या पडद्यावरचा रामबाण म्हणून ती बरीच मिरवली गेली. २०१९च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेसाठी साधारण ७५ फूट व्यासाची आणि २० फूट उंचीची वळणदार भिंत उभारली होती. कॅमेरा हलला की मागचं दृश्यही त्याच्या नजरेने हलतं, आणि चिलखतावर खऱ्या आभाळाचं प्रतिबिंब पडतं. चिलखती नायकासाठी ही सोय सोन्यासारखी. पण भिंतीतून दुपारचं कडक ऊन येत नाही. तेवढी धारदार सावली पाडायला वेगळा दिवा लागतो आणि तो दिवा भिंतीवरचं चित्र धुऊन टाकतो. म्हणून या भिंतीसमोरचे बहुतेक प्रसंग पहाटे, संध्याकाळी नाहीतर ढगाळ हवेत घडतात. पात्रंही वर्तुळाच्या मध्याशी घोटाळत राहतात. दहा पावलं टाकली की भिंत येते. मागचं दृश्य शूटिंगच्या आधी तयार लागतं ही त्यातली चांगली शिस्त. ते घाईत बनलं असेल तर मागाहून रोटो करून, म्हणजे फ्रेमगणिक नटाची कडा आखून त्याला वेगळं कापून, भिंतीच्या जागी नवं दृश्य बसवावं लागतं, म्हणजे खर्च दुप्पट.

आता वजनाकडे येऊ. माझ्या मते अलीकडच्या विज्ञानपटांचं सर्वांत मोठं अपयश इथे आहे. पन्नास मीटर उंचीवरून काहीही पडलं तरी जमिनीवर यायला साधारण ३.२ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने ७७ फ्रेम. राक्षस पडो की इमारतीचा कठडा, हिशोब तोच. पूर्वी लहान प्रतिकृती वापरून हे दाखवत तेव्हा नियम ठरलेला होता: प्रतिकृती जितके पट लहान, त्या पटीच्या वर्गमूळाइतका कॅमेऱ्याचा वेग वाढवायचा. सोळापट लहान असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला ९६ फ्रेम. तेव्हाच पाणी आणि ढिगारा मोठ्या आकाराचे वाटत. संगणकावर हे बंधन नाही. ‘थोडं फास्ट करा, प्रेक्षक कंटाळेल’ म्हटलं की ७७ फ्रेमच्या ४० होतात, आणि पन्नास मीटरचा राक्षस जेमतेम चौदा मीटरचा होऊन बसतो. अंगावरचे खवले कितीही बारीक कोरलेले असले तरी डोळा आकार ओळखतो तो वेगावरून. २०१३च्या ‘पॅसिफिक रिम’मधली यंत्रं नुसता हात उगारायलाही वेळ घेतात, २०१८च्या दुसऱ्या भागात ती जिम्नॅस्टसारखी उड्या मारतात. पैसा दोन्हीकडे ओतलेला आहे, भीती पहिल्यातच वाटते.

‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) हा हिशोब पाळतो. तिथला गॉडझिला ५०.१ मीटरचा आहे, चालताना प्रत्येक पाऊल टेकायला वेळ घेतो आणि पाऊल टेकल्यावर जमीन आधी खचते, मग उसळते. व्हीएफएक्सचे शॉट ६१०, माणसं ३५, संपूर्ण चित्रपटाचं बजेट दीड कोटी डॉलरच्या आत, आणि दृश्यपरिणामांचं ऑस्कर. यातली कळीची गोष्ट आकड्यांत नाही. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्सचेही प्रमुख होते. कलाकाराने शॉट दाखवला की ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा माणूस तिथल्या तिथे हजर. मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटात तोच शॉट कलाकार, त्याचा लीड, कंपनीचा सुपरवायझर, निर्मात्याचा सुपरवायझर, दिग्दर्शक आणि मग कार्यकारी निर्मात्यांची फळी अशा पायऱ्या चढतो. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आपली हजेरी लावण्यापुरता बदल सुचवतो.

मात्र या चित्रपटाचा दाखला देऊन ‘पाहा, कमी पैशात होतं’ असं म्हणणाऱ्या निर्मात्यांपासून सावध राहावं. शहाणं नियोजन आणि स्वस्तात राबवलेली माणसं, दोन्हींचा ताळेबंद कागदावर सारखाच दिसतो.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अडचणीचं उदाहरण आहे ‘द क्रिएटर’ (२०२३). दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स यांनी नेहमीचा क्रम उलटा केला. आधी यंत्रमानव आणि यानं रेखाटून मग त्यांच्यासाठी सेट बांधण्याऐवजी त्यांनी लहान तुकडी आणि सोनीचा एफएक्स३ हा हौशी माणसालाही विकत घेता येईल असा कॅमेरा घेऊन आठ देशांत खऱ्या जागी चित्रण केलं, एडिट पूर्ण केलं आणि मग त्या फ्रेमवर यंत्रं आणि इमारती रंगवून घेतल्या. बजेट सुमारे आठ कोटी डॉलर सांगितलं गेलं. दिसतो त्याच्या दुप्पट-तिपटीचा. हे तर चक्क ‘नंतर बघू’ झालं की! तसं नाही. ऊन कुठलं, डोंगर कुठला, लेन्स कुठली, शॉट किती सेकंदांचा, हे सगळं रेखाटनाच्या आधी पक्कं झालेलं होतं. लांबणीवर टाकलं ते फक्त यंत्राचं रूप, आणि ते टाकता येतं. प्रकाश टाकता येत नाही. (कथा मात्र आणखी चार खर्डे मागत होती. तिथली उणीव कुठल्याच रंगकामाने झाकली नाही.) ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (२०२२) मध्ये पाचेक जणांच्या गाभ्याच्या टीमने सुमारे ५०० शॉट केले, तेही दिग्दर्शकांशी मुळातच चांगलं जमलेलं असल्यामुळे.

ॲक्शनमध्ये कॉम्प्युटरचा संबंध नसतानाही हाच रोग दिसतो. तिथे ‘नंतर’ म्हणजे एडिटिंगचं टेबल. नटाला हाणामारी येत नाही, तालीम झालेली नाही, मग तीन-चार कॅमेरे लावून सगळीकडून टिपायचं आणि कात्रीने मारामारी उभी करायची. ‘टेकन ३’मधला कुंपण ओलांडण्याचा प्रसंग यासाठी कुप्रसिद्ध आहे: सहाएक सेकंदांत डझनभराहून जास्त कट, आणि तेवढं होऊन एक माणूस जाळीवरून पलीकडे जातो.

पण ‘कट जास्त म्हणजे वाईट’ हा निष्कर्षही घाईचा. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) दोन तासांचा आहे आणि त्यात सुमारे २,७०० कट आहेत, म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांचा शॉट. तरी कोण कुठल्या गाडीवर आहे हे एकदाही चुकत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी पटकथेआधी सुमारे ३,५०० चित्रचौकटींचा स्टोरीबोर्ड काढून घेतला होता, आणि छायालेखक जॉन सील यांना सूचना होती की महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यावरच ठेवायची. कट झाल्यावर डोळ्याला नवी जागा शोधावी लागत नाही; तो जिथे होता तिथेच पुढची गोष्ट येते. संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचं चित्रण होतं. त्यातून त्यांनी दोन तास काढले ते या शिस्तीच्या बळावर. याच मालिकेतल्या ‘फ्युरिओसा’त (२०२४) टँकरवरच्या पंधरा मिनिटांच्या पाठलागाला ७८ दिवस लागले. दिवसाकाठी साडेअकरा सेकंद! हा चित्रपट तिकीटबारीवर आपटला हेही सांगायला हवं. नियोजन चांगलं म्हणजे गल्ला चांगला, असा दावा मी करत नाही.

एक ठोसा जवळून पाहा. मूठ खरं तर चेहऱ्यापासून वीतभर लांबून जाते. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या किंवा मारणाऱ्याच्या खांद्यामागे, लांब पल्ल्याची लेन्स लावून ठेवला की ती वीत दिसेनाशी होते. कॅमेरा हातभर बाजूला सरकला की फट उघडी पडते. मार खाणाऱ्याने मान झटकायची ती मूठ नाकासमोर येते त्याच क्षणी. तीन-चार फ्रेम उशीर झाला की नाटक कळतं. मग शटर, म्हणजे एक फ्रेम टिपताना कॅमेरा किती वेळ उघडा राहतो ते. सेकंदाला आठ मीटर वेगाची मूठ नेहमीच्या १/४८ सेकंदाच्या शटरमध्ये सुमारे १७ सेंटिमीटर सरकते, म्हणून ती पुसट दिसते आणि हालचाल सलग वाटते. शटर १/१९२ वर नेलं तर प्रत्येक फ्रेममधली मूठ ठसठशीत, पण दोन फ्रेममधलं अंतर ३३ सेंटिमीटर. चित्र थरथरतं. युद्धाच्या प्रसंगात ही थरथर उपयोगी पडते. अलीकडे ती सरसकट पेरली जाते, कारण त्या गोंधळात चुकलेला ठोसा खपून जातो.

‘जॉन विक’ मालिकेने याला उत्तर दिलं. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मुळात स्टंटमन, ‘द मेट्रिक्स’मध्ये कियानू रीव्ह्जचे स्टंट डबल. स्टंटचा माणूस दिग्दर्शक झाला की कॅमेरा मागे जातो, नट नखशिखांत दिसतो, शॉट लांबतो. कारण नटाला महिनोन्‌महिने तालीम दिलेली असते आणि ती लपवायचं कारण नसतं. चौथ्या भागात (२०२३) छतावरून घेतलेला लांबलचक शॉट पाहावा: खोल्यांचा नकाशाच उघडा पडतो आणि फसवायला कोपरा राहत नाही. तिथेही बंदुकीच्या तोंडचा जाळ बराचसा नंतर घातलेला असतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सेटवरच्या माणसांचा जीव त्याने वाचतो. माझी तक्रार वेगळी आहे. १६९ मिनिटांच्या त्या चित्रपटात गोळी लागलेला माणूस पाचव्या मिनिटाला पुन्हा उभा राहतो. मार कुठे लागला, त्यामुळे पुढे काय जमेनासं झालं, याचा हिशोब नसेल तर कितीही सुबक तालीम शेवटी कवायत होऊन बसते.

या सगळ्याचं बिल कोण भरतं? बहुतेक वेळा व्हीएफएक्स कंपनी ठरावीक रकमेत ठरावीक शॉट घेते. तारीख आधीच जाहीर झालेली असते, शेवटचा अर्धा तास प्रदर्शनाच्या तीन महिने आधी पुन्हा लिहिला जातो, शॉट नव्याने होतात, रक्कम तीच राहते. ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने फेब्रुवारी २०१३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. फेब्रुवारी २०२५मध्ये व्हीएफएक्स कंपन्यांचा टेक्निकलर समूह कोसळला आणि त्यातली एमपीसीसारखी जुनी नावं त्याच्यासोबत गेली. लंडनपासून बंगळुरूपर्यंतची माणसं एका आठवड्यात घरी बसली. दरम्यान सप्टेंबर २०२३मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी आयएटीएसई या चित्रपट-नाट्य कामगारांच्या संघटनेत जाण्याच्या बाजूने एकमताने मत दिलं. ज्यांच्या शॉटना आपण हसत होतो, तीच ही माणसं.

म्हणून करारात दोन कलमं असावीत, अशी मागणी रास्त आहे. एडिट पक्कं होऊन आलेल्या शॉटचा दर एक आणि कच्च्या एडिटवर सुरू केलेल्याचा वेगळा, चढा. आणि ठरलेल्या संख्येच्या पुढच्या प्रत्येक मोठ्या बदलाचे पैसे वेगळे. ‘नंतर बघू’ महाग पडलं की निर्माता आपोआप आधी बघेल. यावर दिग्दर्शकांचा आक्षेप ठरलेला: सुचणं असं वेळापत्रकाने होत नाही. होत नसेल. पण कॅमेऱ्यासमोर सुचलं तर जनरेटरपासून जेवणापर्यंत सगळ्याचा खर्च वाढतो आणि तो निमूट दिला जातो. फुकट सुचायची मुभा फक्त संगणकासमोरच्या माणसाच्या जिवावर मिळते.

समीक्षकांनीही ‘ग्राफिक्स कमकुवत’ हे दोन शब्दांचं निदान सोडावं. प्रकाश जुळत नाही, वजन जाणवत नाही की मुळात प्रसंगच तीनदा बदललेला दिसतो, हे वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांचे धनीही वेगवेगळे आहेत. स्टंटवाल्यांना निदान दाद मिळू लागली आहे: ‘द फॉल गाय’साठी (२०२४) खाली बसवलेल्या तोफेच्या दट्ट्याने उसळून गाडीने साडेआठ कोलांट्या मारल्या तेव्हा विक्रमाची बातमी झाली, आणि २०२८च्या शंभराव्या ऑस्करपासून स्टंट रचनेला स्वतंत्र पुरस्कार मिळणार आहे. नॉर्वेतल्या त्या उडीची तयारी दाखवणारा छोटेखानी माहितीपट प्रदर्शनाच्या कितीतरी आधी जगभर फिरला. त्यात रॅम्प दिमाखात दिसतो. तो ज्यांनी पुसला त्यांची नावं वाचायची तर श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्चीत बसावं लागतं, आणि तोवर झाडूवाला दुसऱ्या रांगेपर्यंत आलेला असतो.